कलकत्ता ते न्यूयॉर्क : अठ्ठावन्न दिवस



मागच्या बैठकीत बचतीची वही मिटता मिटता गटातल्या एका मावशींनी विचारलं, "लेक न्यूयॉर्कला चाललीय नोकरीला. किती लांब असेल गं?" साडेबारा हजार किलोमीटर, असं सांगितलं. मावशींना काही उमगेना. मग अंगणातल्या पोराचा चेंडू घेतला, मुंबई आणि न्यूयॉर्कची खूण केली आणि दोरा ताणला. दोरा सरळ पश्चिमेला न जाता वर उत्तरेला, रशियाच्या अंगानं गेला. गोल पृथ्वीवरची जवळची वाट अशीच असते. मध्ये न थांबणारं विमान पंधरा-सोळा तासांत पोचतं.

"म्हणजे एक दिवस नि एक रात्रसुद्धा नाही," मावशी म्हणाल्या. तेव्हा आम्हाला आनंदीबाई जोशी आठवल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. पहिलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलेलं. डॉक्टर व्हायचंच, हे तेव्हापासून मनात. नवरा गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीला, ते मागे राहिले. विमान तर जन्मालाच आलं नव्हतं. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, म्हणून निदान आफ्रिकेला वळसा पडला नाही. तरी इंग्लंडला जाऊन पुढे अटलांटिक महासागर ओलांडायचा. त्या न्यूयॉर्कला उतरल्या ४ जूनला. बोटावर मोजा, अठ्ठावन्न दिवस!

कलकत्ता ते न्यूयॉर्क हवेतून सरळ मोजलं तर पावणेतेरा हजार किलोमीटर भरतं. पण पाण्याला सरळ वाट कुठली? बोटीनं त्यांचा प्रवास वीस हजारांच्या घरात गेला असणार.

आम्हाला मात्र किलोमीटरपेक्षा पत्रांचं जास्त वाटतं. टपालही बोटीनंच. पत्र पोचायला महिना-सव्वा महिना, उत्तराला तेवढाच. "ताप आलाय" असं लिहिलं, तर "आता कसं वाटतंय?" हे वाचेपर्यंत ताप उतरलेला तरी असायचा, नाहीतर माणूस खंगलेलं. फिलाडेल्फियाची थंडी, परकं अन्न, नऊवारी साडी आणि जवळ आपलं कुणी नाही. न्यूजर्सीच्या कार्पेंटरबाईंनी घरात ठेवून घेतलं, मायेनं जपलं, हा मोठाच आधार. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, तेव्हा गोपाळराव आणि पंडिता रमाबाई समोर बसले होते.

पुढं अंतर आटत गेलं. १९४८ मध्ये एअर इंडियाचं विमान कैरो, जिनिव्हा करत मुंबईहून लंडनला गेलं. १९६० मध्ये न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. आपल्यासारख्या घरातल्या मुली त्यात बसायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली.

आनंदीबाई १८८६ च्या शेवटी परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांची रक्षा पुन्हा तेवढाच समुद्र ओलांडून कार्पेंटरबाईंकडे गेली आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावी विसावली.

मावशींनी ऐकलं, चेंडू हातात घेतला आणि दोरा पुन्हा एकदा स्वतः ताणून बघितला. मग विचारलं, "पोचल्या पोचल्या फोन लागतो ना गं तिथनं?"