लूत ते ॲलर्जी : श्वानांच्या त्वचाखाजेवरील उपचारांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मराठीत ‘लूत भरलेले कुत्रे’ हे शब्द दुर्दशेचे चित्र म्हणून रूढ आहेत. कुत्र्याला आपली खाज सांगता येत नाही. तो अंग खाजवतो, चाटतो आणि चावतो. त्यातून काही तासांतच केस गळालेला, ओलसर व लालबुंद चट्टा तयार होतो. यालाच ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. या खाजेवर माणसाने केलेल्या उपचारांचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

लेपांचा काळ :
इ. स. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला याने कुत्र्याच्या खरजेवर जिप्सम व तीळ समप्रमाणात वाटून, पातळ डांबरात मिसळून लावण्यास सांगितले आहे. हे औषध माणसांनाही मानवते असा समज असल्याचे तो नोंदवतो. फ्रान्समधील गास्तों फेब्यूस याने १३८७ मध्ये लिहावयास घेतलेल्या शिकारग्रंथात शिकारी कुत्र्यांच्या लुतीचे चार प्रकार सांगितले आहेत. लक्षणांचे निरीक्षण बारकाईचे होते; कारण मात्र अज्ञात होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी श्वानवैद्यकात गंधकाच्या जोडीने पाऱ्याचे मलमही वापरले जाई. कुत्रा अंग चाटत असल्याने असे मलम पोटात जाण्याचा धोका उघड होता.

कारणांचा शोध :
१६८७ मध्ये इटलीतील बोनोमो व चेस्तोनी यांनी माणसाच्या खरजेचा संबंध एका सूक्ष्म, आठ पायांच्या परजीवीशी जोडला; परंतु १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रेनुची याने तो पुन्हा काढून दाखवेपर्यंत वैद्यकजगताचा संशय फिटला नाही. याच जातीचा परजीवी कुत्र्यांतही लूत निर्माण करतो. पशुवैद्यकाचे संस्थात्मक शिक्षण ल्यों येथे १७६२ मध्ये आणि मुंबईत १८८६ मध्ये सुरू झाले. त्यामुळे अनुभवसिद्ध तोडग्यांना निदानाची जोड मिळू लागली.

विसाव्या शतकात दोन दिशांनी बदल झाला. १९४८ मध्ये माणसांवर प्रथम वापरलेल्या कॉर्टिसोनच्या वर्गातील औषधांनी कुत्र्यांची खाजही झपाट्याने शमू लागली. पण दीर्घ वापराने तहान, लघवी व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. १९८१ पासून पशूंसाठी उपलब्ध झालेल्या आयव्हरमेक्टिनने परजीवींवर प्रभावी मात केली. मात्र कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना ते विषारी ठरते. त्यामागील जनुकीय दोष २००१ मध्ये उघड झाला.

पिसवांच्या लाळेची, धुळीतील कणांची वा अन्नाची ॲलर्जी हेही खाजेचे कारण असते. २००४ मध्ये इंटरल्यूकिन-३१ या प्रथिनाचा शोध लागला आणि खाजेचा संदेशच अडवणे शक्य झाले. याच मार्गात हस्तक्षेप करणारे ओक्लासिटिनिब अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाले.

वर्तमान संदर्भ :
तरीही भटक्या कुत्र्यांच्या लुतीवर जळके इंजिन ऑइल चोपडण्याची रीत आपल्याकडे आढळते. कोलुमेलाच्या डांबराचेच हे विसाव्या शतकातील रूप म्हणता येईल. हे तेल त्वचेतून व चाटण्यावाटे शरीरात जाऊन विषबाधा करते. हेतू भूतदयेचा असतो, परिणाम यातनेचा होतो. हॉट स्पॉटवर भोवतालचे केस कापणे, जखम सौम्य जंतुनाशकाने धुऊन कोरडी ठेवणे, चाटता येऊ नये म्हणून गळ्यात पसरट पट्टा घालणे आणि पशुवैद्यकाकडून मूळ कारण शोधून घेणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

निष्कर्ष :
दोन हजार वर्षांच्या या इतिहासात निर्णायक बदल औषधापेक्षा प्रश्नात झाला. ‘काय लावावे?’ याऐवजी ‘खाज का येते?’ असे विचारले गेले, तेव्हाच उपचाराला दिशा मिळाली. मुक्या जनावराच्या बाबतीत हा प्रश्न त्याच्यावतीने माणसालाच विचारावा लागतो. म्हणून निदानापूर्वीचा लेप, तो कितीही सद्भावनेने लावलेला असो, उपचार ठरत नाही.