कोणती मालिश तुमच्यासाठी? आधी तिचा इतिहास पाहू

काही वर्षांपूर्वी साठीच्या एक काकू दवाखान्यात आल्या. महिन्याभरापूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आता पोटरी दुखत होती, म्हणून घरच्यांनी मालिशवाल्या बाईंना दुसऱ्या दिवशीपासून यायला सांगितलं होतं. काकूंचा प्रश्न अगदी साधा होता, "डॉक्टर, तेल कोणतं वापरू? तिळाचं की नारायण तेल?"

मी त्यांना दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड, गरम आणि ताणलेली दिसत होती. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घेतली. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती पोटरी जोरात चोळली गेली असती, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोका होता. त्याने जीवही जाऊ शकतो.

तेव्हापासून कुणी "कोणती मालिश करू?" असं विचारलं की मी आधी "तुम्हाला मालिश चालेल का?" हे तपासतो. हा काही आधुनिक वैद्यकाचा आगाऊपणा नाही. मालिशच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्यापासून आहे. मधल्या काळात तो आपल्या हातून सुटला, एवढंच.

अभ्यंग आणि त्याची वर्ज्यं

आपल्याकडे मालिशचा सगळ्यात जुना सविस्तर विचार आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. चरकसंहितेत अभ्यंग रोजच्या दिनचर्येत येतो आणि तो समजावताना वंगण दिलेल्या गाडीच्या आसाची उपमा दिली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात डोकं, कान आणि तळपाय यांना आवर्जून तेल लावायला सांगितलं आहे. व्यायामानंतर अंग चोळावं, पण शरीराला सुखावेल इतपतच, असंही त्यात आहे.

त्याच ग्रंथात पुढे अभ्यंग कुणी करू नये हेही दिलं आहे. कफाचे विकार असलेले, नुकतंच वमन-विरेचनासारखं शोधन झालेले आणि अजीर्ण झालेले लोक त्यात येतात. सुश्रुतसंहितेत नुकत्याच आलेल्या तापात अभ्यंग वर्ज्य आहे. कारणमीमांसा त्या काळाची आहे, ती आज जशीच्या तशी घ्यायची गरज नाही. पण उपचार आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी सांगायची ही शिस्त मला फार महत्त्वाची वाटते.

घरांमध्येही हीच शिस्त तोंडी चालत आली. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान, बाळंतिणीचं तेल-न्हाणं, म्हाताऱ्या माणसांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी फिरवणं, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या अनुभवी बाई अंगाला हात लावताच सांगायच्या, "बाळ कोमट लागतंय, आज तेल नको."

पैलवानाची मालिश पैलवानासाठी

दुसरी परंपरा आखाड्याची. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरली. तिथल्या तालमींत आजही पैलवान मेहनतीनंतर एकमेकांना रगडून मालिश करतात. केरळात कळरीपयट्टूच्या गुरुक्कलांनी 'उळिच्चिल' नावाची मालिश जोपासली. त्यातल्या एका प्रकारात वर टांगलेला दोर धरून, शिष्याच्या तेल लावलेल्या अंगावर पायाने दाब देतात. ही मालिश पारंपरिकरीत्या पावसाळ्यात होते आणि तिच्याबरोबर विश्रांती आणि पथ्यही असतं.

हे दाब कुणासाठी होते ते लक्षात घ्या. पीळदार स्नायूंचा, मजबूत हाडांचा, विशी-पंचविशीतला तरुण, आणि त्याला रोज पाहणारा गुरू. तोच दाब सत्तर वर्षांच्या, हाडं ठिसूळ झालेल्या पाठीवर दिला तर मणका दबून मोडू शकतो.

चंपी निघाली विलायतेला

तिसरा टप्पा मजेशीर आहे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन मोहम्मद ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. पुढे ते आयर्लंडला आणि नंतर इंग्लंडला गेले. लंडनमध्ये त्यांनी भारतीय पदार्थांचं हॉटेल काढलं, पण ते फार चाललं नाही. मग ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेच्या स्नानाचं आणि मालिशचं केंद्र सुरू केलं. रुग्ण फ्लॅनेलच्या तंबूत वाफ घेत बसायचा आणि तंबूला शिवलेल्या बाह्यांतून हात घालून मालिश करणारा त्याचं अंग चोळायचा. संधिवाताचे रुग्ण तिथे रांग लावत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना 'शॅम्पूइंग सर्जन' म्हणून नेमलं. १८२२ साली त्यांनी या उपचारावर पुस्तकही लिहिलं.

'शॅम्पू' हा शब्द हिंदीतल्या 'चाँपना' म्हणजे दाबणे, चेपणे यावरून आला. आपली 'चंपी' त्याच घरातली. शॅम्पूचा अर्थ केस धुणे असा झाला तो नंतर.

'स्वीडिश' मालिश आणि चार परिचारिका

आज स्पाच्या कार्डावर पहिलं नाव 'स्वीडिश' असतं. त्याचं श्रेय पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं. ते तलवारबाजीचे शिक्षक. १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये त्यांनी व्यायामशिक्षणाची संस्था काढली. त्यांचा भर मुख्यतः उपचारात्मक व्यायामावर होता. आज ज्याला स्वीडिश मालिश म्हणतात त्यातले हात, म्हणजे हळुवार फिरवणं, कणकेसारखं मळणं, घासणं आणि थापटणं, यांची पद्धतशीर मांडणी योहान मेत्सगर या डच डॉक्टरांनी केली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये मालिशची केंद्रं इतकी बोकाळली की त्यांच्या आडून भलतेच धंदे चालू लागले. १८९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे उघड केलं. त्याच वर्षी चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्तींची संस्था स्थापन केली. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मालिश करायची नाही, हा त्यांचा एक मुख्य नियम होता. या संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि पुढे तिच्या नावात फिजिओथेरपी हा शब्द आला. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. तुमच्या फिजिओथेरपिस्टच्या व्यवसायाची एक मुळी अशी मालिशमध्ये आहे.

थाई मालिश

थायलंडच्या परंपरेत मालिशचा उगम बुद्धकालीन मगधातल्या जीवक या वैद्याशी जोडतात. बँकॉकच्या वाट फो मंदिरात तिसऱ्या रामा राजाच्या काळात, १८३०च्या दशकात, वैद्यकाचं ज्ञान शिळांवर कोरून ठेवलं गेलं. त्यात मालिशच्या रेषा आणि दाबबिंदूंच्या आकृत्याही आहेत. या मालिशमध्ये सहसा तेल नसतं. अंगावर सैल कपडे ठेवून जमिनीवरच्या गादीवर दाब आणि ताण देतात. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आज या साऱ्या परंपरा एका कार्डावर, मिनिटं आणि रुपये यांच्यासकट शेजारी शेजारी बसल्या आहेत. कार्डावर कुणाला काय चालणार नाही हे मात्र क्वचितच असतं. जुन्या ग्रंथातली, गुरुक्कलांच्या आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या डोक्यातली यादी वाटेत गळून पडली. म्हणून आजच्या वैद्यकातली यादी मी खाली देतो.

मालिश नको, आधी डॉक्टर

• एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय. ऑपरेशन, लांबचा प्रवास, अंथरुणाला खिळलेलं आजारपण यानंतर विशेष सावध राहा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही गुठळीचा धोका जास्त असतो. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा.
• ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजा मुकामार किंवा फ्रॅक्चरची शंका.
• पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं. ही तातडीची लक्षणं आहेत. मालिशने 'सरकलेली गादी' जागेवर बसत नाही.
• रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ असतील तर जोराचा दाब, पाठीवर पाय देणं नको.
• मधुमेहात पाय बधिर असतील तर गरम शेक नको, भाजलेलं कळत नाही. काशाची वाटी फिरवण्याआधी तळपायाला भेगा किंवा जखम नाही ना, ते बघा.
• सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं कुणालाच नको. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो.
• बाळाच्या नाकात-कानात तेल घालू नका, त्याला उलटं धरू नका. सिझेरियन झालेल्या बाईचं पोट जखम भरेपर्यंत चोळू नका.

मग निवड कशी करायची?

प्रत्येक शैली कोणत्या शरीरासाठी घडली ते आठवा. आपलं शरीर त्याच्या जवळ जाणारं आहे का, एवढंच पाहायचं.

त्वचा कोरडी आहे, वय झालंय, झोप नीट लागत नाही: घरचा हलका अभ्यंग. साधं तीळ किंवा खोबरेल तेल पुरतं. त्यानंतर न्हाणीघरात घसरून पडू नये म्हणून तळपाय आधी पुसा.

दिवसभर खुर्चीत बसून मान-खांदे आखडतात, ताण आहे: मध्यम दाबाची स्वीडिश पद्धत किंवा साधी चंपी. मात्र चंपीच्या शेवटी मानेला झटका नको, हे सुरुवातीलाच सांगा.

सांधे धडधाकट आहेत, ताण घ्यायला आवडतं, तेल किंवा कपडे काढणं नको वाटतं: थाई. गुडघा-खुब्याचा सांधा बदललेला असेल तर मात्र नको.

जोराचा व्यायाम करणारे तरुण: रगडून केलेली मालिश चालेल, पण जिथे नवी दुखापत आहे ती जागा सोडून.

एखादा सांधा किंवा पाठ महिनोन्‌महिने दुखतेय: आधी निदान, मग फिजिओथेरपिस्ट. मालिशने दुखणं काही दिवस हलकं होतं, टिकाऊ फरक व्यायामाने पडतो.

गरोदर असाल तर प्रसूतितज्ज्ञांना विचारून, कुशीवर झोपून, हलक्या हाताने.

मालिशकडून अपेक्षाही बेताच्या ठेवा. ताण उतरतो, स्नायू सैलावतात, झोप बरी लागते, कुणीतरी आपुलकीने हात फिरवला याचं समाधान मिळतं. हे थोडं नाही. पण चरबी वितळत नाही, हृदयातले ब्लॉक उघडत नाहीत, मधुमेह जात नाही. असं सांगणाऱ्याकडून उठून या. आणि मालिश चालू असताना तुम्ही श्वास रोखत असाल, दात आवळत असाल, तर दाब जास्त आहे. लगेच सांगा. "दुखलं तरच गुण येतो" हे खरं नाही. शरीराला सुखावेल इतपतच, हे वाग्भटाने कधीच सांगून ठेवलंय.

त्या काकूंना काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. गोळ्या बंद झाल्यावर त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी पोटरी तपासली आणि म्हणालो, "काकू, आता हलक्या हाताने करून घ्या. तेल तुम्हाला आवडेल ते."