अठरा वर्षं पूर्ण झाली, आता पुढे काय?

विशेष मुलांच्या शाळेचं स्नेहसंमेलन असलं की आपण जातो, टाळ्या वाजवतो, फोटो टाकतो. चांगलंच आहे. पण त्याच शाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेला मुलगा तिशीत काय करतो, हे कधी विचारलंय? बहुतेक घरांत उत्तर एकच मिळतं. काही नाही, घरीच असतो. शाळेत शिकलेलं एकेक विसरत चाललाय.

हे असं का झालं, याला इतिहास आहे.

इंग्रजांच्या १९१२च्या ल्युनसी ॲक्टमध्ये मनोरुग्ण आणि जन्मतः बुद्धीची वाढ कमी असलेला माणूस, दोघांना एकाच व्याख्येत कोंबलं होतं. एक आजार आहे, दुसरा आजारच नाही, एवढा साधा फरकही त्या कायद्याला मान्य नव्हता. तो जायला १९८७चा मानसिक आरोग्य कायदा यावा लागला. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षं आपण तीच व्याख्या चालवली.

गावगाड्यात मात्र अशा माणसाला जागा होती. कुणी गुरं वळायचा, कुणी आडावरून पाणी भरायचा, कुणी देवळाचं अंगण झाडायचा. मोबदला म्हणून भाकरी आणि जुने कपडे, वर टिंगल. त्याला सुवर्णकाळ म्हणायचं कारण नाही, ती फुकटची राबवणूकच होती. पण सगळं गाव त्याला नावानं ओळखायचं आणि सकाळी उठून जायला त्याला एक ठिकाण असायचं. नळ आले, गुरं कमी झाली, ती कामं गेली. त्यांच्या जागी नवं काम द्यायचं कुणाला सुचलं नाही.

शाळा उभ्या राहिल्या त्या मुख्यतः आईबापांच्या जिद्दीतून. मुंबईत १९४४ साली होरमसजी आणि जय वकील या दाम्पत्यानं डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी सुरुवात केली, तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशींनी 'कामायनी' सुरू केली. नाशिकला १९७७ साली रजनीताई लिमयेंनी 'प्रबोधिनी' काढली. त्यांचा स्वतःचा मुलगा विशेष होता.

या सगळ्यांना पुढे एकच अडचण आली. मुलं मोठी झाली. शाळेला वयाची मर्यादा, आयुष्याला कुठली? मग शाळांना जोडून कार्यशाळा आल्या. पणत्या, उटणं, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फायली. बदलापूरला माधवराव गोरे आणि इतर पालकांनी प्रौढांसाठीच 'आधार' उभं केलं. आपल्यामागं यांचं कोण, हा प्रश्न त्यांनी एकेकट्यानं न सोसता मिळून सोडवायला घेतला.

कायदेही आले. १९९५च्या कायद्यानं अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं अठरानंतर कायदेशीर पालक नेमायची सोय केली. २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. २०११च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले. नोंद झाली, प्रमाणपत्रं मिळाली. पण प्रत्येक तालुक्यात प्रौढांसाठी कार्यशाळा काही झाली नाही.

अमरावती जिल्ह्यातलं वझ्झर इथं आठवतं. शंकरबाबा पापळकर मूळचे आपल्याच धंद्यातले, नियतकालिक चालवणारे. टाकून दिलेली दिव्यांग मुलं त्यांनी सांभाळली, आपलं आडनाव दिलं. त्या मुलांनी उजाड माळावर हजारो झाडं लावून जगवली. बाबांची सरकारकडं वर्षानुवर्षं एकच मागणी आहे : अठरा पूर्ण झाली म्हणून या मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, तसा कायदा करा. २०२४ साली बाबांना पद्मश्री मिळाली. कायद्याची मागणी मागणीच राहिली.

आता कुणी म्हणेल, यांना शिकवून जमतं का? जमतं. पद्धत वेगळी लागते. दहापर्यंत मोजता न येणाऱ्या माणसाला दहा खणांचा ट्रे द्या. प्रत्येक खणात एक मेणबत्ती, ट्रे भरला की पाकीट तयार. त्याला मोजायची गरजच उरत नाही. कामाचे छोटे तुकडे पाडायचे, एक तुकडा पक्का झाला की पुढचा. वेळ लागतो, पण एकदा हाताला बसलं की तो ते नेटानं करतो.

खरी मेख पुढे आहे. वर्गात खोट्या नोटांवर शिकलेला व्यवहार बाजारात आपोआप जमत नाही. तो बाजारातच शिकावा लागतो, खऱ्या भाजीवाल्याकडून खरे सुटे पैसे घेऊन. एसटीत चढणं, वाचनालयात पुस्तकं लावणं, गणपतीत प्रसाद वाटणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, सप्ताहात पंगतीला पाणी वाढणं, हे त्याचे पुढचे वर्ग. शाळा हे एकटी देऊ शकत नाही, गावच देऊ शकतं.

आणि पैसा नाही असं म्हणू नका. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची, असा राज्याचा नियम आहे. पूर्वी ती ३ टक्के होती. यातून वैयक्तिक मदतीबरोबर सामूहिक कामंही करता येतात. बऱ्याच ठिकाणी मार्चएंडला थोडेथोडे धनादेश वाटले, फोटो काढला, की विषय संपतो. मदत नको असं म्हणत नाही, घरखर्चाला ती लागतेच. पण त्याच निधीतून पालिकेच्या एखाद्या रिकाम्या खोलीत टेबलं, साचे, कच्चा माल आणि एका प्रशिक्षकाचं मानधन, एवढ्यावर कार्यशाळा सुरू होऊ शकते.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत, नाहीतर नगरपालिकेत लेखी अर्ज देऊन दोनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षी आपल्याकडं ५ टक्के म्हणजे किती रुपये झाले? आणि त्यातले अठरा वर्षांवरच्यांना काम शिकवण्यावर किती गेले?

उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये आकडा टाका. नाही मिळालं तर तेही लिहा. आणि गणपती मंडळवाल्यांनो, यंदा प्रसादाच्या टेबलावर एक खुर्ची राखून ठेवा. वर्गणी लागत नाही त्याला.