भट्टी पुन्हा पेटली : युद्धोत्तर जर्मनीतील विस्थापितांची कहाणी

आपल्या पूर्वजांच्या आगमनाचे स्मरण करताना आम्ही या लेखात वाचकांना मुद्दाम एका दूरच्या देशात नेत आहोत. घर सुटलेली माणसे नव्या भूमीत संसार कसा मांडतात, हे आपल्याला गिरमिटाच्या इतिहासावरून ठाऊक आहे. जर्मनीतही ही गोष्ट घडली, आणि तिच्या मध्यभागी होती पाव-केकची भट्टी.

जर्मनीने सुरू केलेले युद्ध मे १९४५ मध्ये तिच्याच पराभवाने संपले. शहरे ढिगाऱ्यात गेली होती. १९४६ च्या वसंतात ब्रिटिशांच्या ताब्यातील भागात माणशी रेशन दिवसाला सुमारे १,००० उष्मांकांवर आले. पुढे पावात मक्याचे पीठ मिसळावे लागले. मक्याला गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यामुळे तो पिवळा पाव नीट फुगत नसे आणि कापताना त्याचा भुगा होई. त्याच युद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्यावर मॉरिशसमध्येही मका आणि मॅनिऑक लावावा लागला होता. म्हणून ही टंचाई आपल्याला परकी वाटू नये.

याच काळात पूर्वेकडील प्रदेशांतून सुमारे १ कोटी २० लाख जर्मन पळून आले किंवा हाकलले गेले. क्योनिग्सबर्ग शहर सोव्हिएत संघाकडे जाऊन १९४६ मध्ये कालिनिनग्राड झाले. सायलेशियाचा बहुतेक भाग पोलंडला मिळाला. या लोकांना हातात मावेल तेवढेच आणता आले. पण हातातली कला कोणी काढून घेऊ शकले नाही. लीग्निट्झ गावचा बदाम घातलेला मधाचा केक सायलेशियन कुटुंबांनी पश्चिमेत पुन्हा भाजायला घेतला. क्योनिग्सबर्गचे मार्झिपान म्हणजे बदाम-साखरेची मिठाई. ती वरून खरपूस भाजतात. तेथे १८९४ मध्ये सुरू झालेली श्वेर्मर ही पेढी युद्धानंतर बव्हेरियातील बाड व्योरिसहोफेन येथे पुन्हा उभी राहिली. शहराचे नाव नकाशावरून गेले, मिठाईच्या नावात राहिले.

पूर्व जर्मनीत हाले शहरी क्येटे थीले या बाईंनी आपल्या पतीबरोबर १९५१ मध्ये काटी ही कंपनी काढली. त्यांचे केकचे तयार पीठ घराघरांत पोचले. तेथे रेशन १९५८ पर्यंत चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या केकचे मोल कळते. १९७२ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जर्मनीच्या एकीकरणानंतर ती पुन्हा कुटुंबाकडे आली.

केवळ जिद्दीने हे सर्व झाले, असे म्हणणे मात्र अर्धे सत्य ठरेल. १९५२ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत ज्यांची मालमत्ता वाचली होती, त्यांच्यावर तिच्या निम्म्या मोलाचा भार ३० वर्षांच्या हप्त्यांत बसवला गेला आणि त्यातून सर्वस्व गमावलेल्यांना मदत मिळाली. आपल्या बेटावर गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई म्हणून सुमारे २० लाख पौंड मिळाले ते मालकांना. गुलामांना काही नाही, आणि त्यांच्या जागी आणलेल्या आपल्या पूर्वजांच्या वाट्याला करार आणि कोठीवरचे कष्ट आले. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या युद्धाने जर्मनांना बेघर केले, ते त्यांच्याच राज्यकर्त्यांनी पेटवले होते आणि त्यात इतरांची कोट्यवधी माणसे बळी पडली. गमावलेल्या घराची आठवण सांगताना ते घर का गेले, हेही सांगावे लागते.

यातून आपण काय घ्यावे? मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आपल्या पूर्वजांचे क्रमांक, गावे, अनेकांची छायाचित्रेही मिळतात. त्यांच्या हातची चव तेथे मिळत नाही. ती आजीच्या मोदकात आणि पुरणपोळीत आहे. पुढच्या गणेश चतुर्थीपूर्वी प्रत्येक घराने आपल्या आजीजवळ बसून निदान एक पदार्थ तिच्या मापाने, तिच्या शब्दांत लिहून घ्यावा, आणि तो तिला कोणी शिकवला तेही लिहावे. आमची एवढीच विनंती आहे.