निवृत्त-वसाहत
निवृत्त-वसाहत : सेवानिवृत्त झालेल्या, परंतु स्वतःचे दैनंदिन व्यवहार स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी खास वसविलेली वसाहत. तीत प्रत्येक रहिवाशाचे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर असते व दिनक्रमही त्याच्या इच्छेनुसार चालतो; मात्र पहारा, दुरुस्ती, बागबगीचा, भोजनगृह, करमणूक व तातडीची वैद्यकीय मदत यांची व्यवस्था सामाईक असते. निराधारांना आश्रय देणारा वृद्धाश्रम, स्नान, औषधे इ. बाबतींत नित्य मदत पुरविणारे साहाय्यित निवास आणि अंथरुणास खिळलेल्यांची देखभाल करणारे शुश्रूषागृह यांहून ती भिन्न होय. वृद्धाश्रमात प्रवेश दिला जातो, तर निवृत्त-वसाहत निवडली जाते. निवडीचा हा अधिकार वृद्धांकडे कसा आला आणि त्याबरोबर कोणती जोखीम त्यांच्या पदरी पडली, हाच या संस्थेच्या इतिहासाचा मुख्य आशय आहे.

पूर्वपीठिका : भारतीय परंपरेत वानप्रस्थाश्रम व काशीवास यांच्या रूपाने उतारवयात गृहत्याग करण्याची कल्पना आढळते, परंतु तिचा हेतू विरक्तीचा होता, सोयीस्कर वास्तव्याचा नव्हता. वृद्धांसाठी बांधलेल्या घरांची सलग परंपरा यूरोपातील धर्मादाय संस्थांत दिसते. इंग्लंडमधील विंचेस्टर येथील सेंट क्रॉस ही संस्था बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थापन झाली. जर्मनीतील ऑग्झबर्ग येथे याकोप फुगर या धनाढ्य व्यापाऱ्याने ‘फुगराय’ ही वसाहत उभारली. तिचे दानपत्र १५२१ चे आहे. ती केवळ वृद्धांसाठी नव्हती. शहरातील गरजू कॅथलिकांसाठी होती. तथापि स्वतंत्र प्रवेशद्वार असलेली घरे, सामाईक तटबंदी व रात्री बंद होणारी वेस ही तिची वैशिष्ट्ये पुढील निवृत्त-वसाहतींची आठवण करून देणारी आहेत. एक ऱ्हाइनिश गिल्डर हे तिचे वार्षिक भाडे आजही नाममात्र ०·८८ यूरोच आहे आणि दात्यासाठी दररोज तीन प्रार्थना म्हणण्याची अटही कायम आहे. लंडनमध्ये टॉमस सटन याने १६११ मध्ये चार्टरहाउस या निवासाची स्थापना केली. तर दुसऱ्या चार्ल्‌सने जायबंदी व वृद्ध सैनिकांसाठी १६८२ मध्ये स्थापिलेल्या चेल्सी येथील रॉयल हॉस्पिटलात १६९२ मध्ये पहिले निवासी दाखल झाले.

या संस्थांत कोणाला घ्यावयाचे व त्याने कसे राहावयाचे, हे दाता ठरवीत असे; निवाशाला निवडीस फारसा वाव नव्हता. त्याबदली त्याला एक मोठे आश्वासन लाभत असे. संस्थेचा खर्च निवाशांच्या पैशांवर नव्हे, तर दात्याने लावून दिलेल्या उत्पन्नावर वा राज्याच्या साहाय्यावर चाले. त्यामुळे निवासी अपेक्षेपेक्षा अधिक जगला, तरी त्याचे छत्र जात नसे.

निवृत्तिवेतनाचा परिणाम : वृद्धांना निवडीचे सामर्थ्य दिले ते निवृत्तिवेतनाने. जर्मनीत १८८९ मध्ये वार्धक्य विम्याचा कायदा झाला. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजूंना वेतन देऊ केले व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा संमत झाला. काम न करता नियमित उत्पन्न मिळू लागल्याने मुलांच्या घरी राहणे किंवा धर्मादाय संस्थेचा आश्रय घेणे, यांखेरीज तिसरा मार्ग मोकळा झाला.

अमेरिकेतील विकास : प्रारंभी बंधुसंघ, कामगार संघटना व चर्च यांनी आपापल्या सदस्यांसाठी निवास काढले. ‘मूस’ या बंधुसंघाने फ्लॉरिडात १९२२ मध्ये सुरू केलेले मूसहेवन हे त्यांपैकी एक. ॲरिझोना राज्यात फीनिक्सजवळ बेन श्लायफर याने १९५४ मध्ये वसविलेले यंगटाउन हे केवळ ज्येष्ठांसाठी आखलेल्या गावाचे आद्य उदाहरण मानले जाते. त्याच्या शेजारीच, कापसाच्या शेतजमिनीवर, बांधकाम व्यावसायिक डेल वेब याने १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ विक्रीस खुली केली. घरे विकल्यावर सोयी करण्याचा प्रघात मोडून त्याने गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र व दुकाने आधी बांधली. पहिल्या तीन दिवसांत सु. एक लक्ष लोकांनी तिला भेट दिली. वार्धक्य म्हणजे विश्रांती व एकाकीपणा, या समजाऐवजी ते क्रियाशील फुरसतीचे पर्व आहे, ही कल्पना येथे विकली गेली असे म्हणता येईल.

या वसाहतींनी एक सामाजिक प्रश्नही निर्माण केला. अमेरिकेत शाळांचा बराच खर्च घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून भागविला जातो. सन सिटीतील मतदारांनी शाळांसाठीच्या कर्जरोख्यांचे प्रस्ताव वारंवार फेटाळल्याने अखेर ती वसाहत त्या शाळा-विभागातून वेगळी करण्यात आली. वयाची अट हा भेदभाव आहे की काय, हाही वाद उद्‌भवला. मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास १९८८ च्या सुधारित कायद्याने बंदी घातली. मात्र ज्येष्ठांच्या वसाहतींना अपवाद ठेवला. किमान ८० टक्के वसलेल्या घरांत पंचावन्न वा अधिक वयाची निदान एक व्यक्ती असावी, ही त्यातील एक प्रमुख अट होय. ज्येष्ठांसाठी विशेष सोयी असण्याची मूळची अट १९९५ मध्ये काढून टाकण्यात आली. खुद्द यंगटाउनची वयोमर्यादा १९९८ मध्ये संपुष्टात आली.

आजीव सेवा करार : स्वावलंबी म्हणून आलेला रहिवासी पुढे परावलंबी झाला, तर काय, हा प्रश्न सन सिटीसारख्या वसाहतींनी अनुत्तरित ठेवला होता. चर्चप्रणीत संस्थांनी त्यावर आजीव सेवा करार हा उपाय काढला. प्रवेशाच्या वेळी मोठी रक्कम भरावयाची व त्याबदली घर, साहाय्य व शुश्रूषा आमरण मिळवावयाची, असे त्याचे स्वरूप होते. क्वेकर पंथीयांनी पेनसिल्व्हेनियात १९६७ मध्ये सुरू केलेली फाउक्‌वेज ही या प्रकारची नामवंत वसाहत होय.

या कराराचा कमकुवतपणा ‘पॅसिफिक होम्स’ या संस्थेच्या दिवाळखोरीने उघड झाला. मेथडिस्ट चर्चशी संबंधित अशी ही संस्था कॅलिफोर्निया, ॲरिझोना व हवाई येथे निवृत्ति-निवास व शुश्रूषालये चालवीत असे. आगाऊ घेतलेली रक्कम ठरलेली होती; परंतु महागाई वाढली व निवासी गणितात धरल्यापेक्षा अधिक काळ जगले. जुन्या निवाशांचा खर्च नव्यांच्या प्रवेशशुल्कातून भागविला जाऊ लागला आणि १९७७ मध्ये संस्थेने न्यायालयाकडे दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. आयुष्यभराची पुंजी भरून बसलेल्या वृद्धांपुढे पुन्हा पैसे भरण्याचा प्रसंग आला. सु. दोन हजार आजी-माजी निवाशांच्या वतीने चर्चविरुद्ध दावा गुदरण्यात आला व १९८० मध्ये त्यात तडजोड झाली. चर्चचे नाव आणि चर्चची आर्थिक हमी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळाला. पुढे अनेक राज्यांनी राखीव निधी ठेवणे व आर्थिक स्थिती प्रवेशार्थीस उघड करणे बंधनकारक केले.

भारतातील स्थिती : भारतातही आरंभ धर्मादाय संस्थांपासूनच झाला. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह (‘निवारा’) हे एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सु. १०·४ कोटी (८·६ टक्के) होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ९·९ टक्के होते. मुले परगावी वा परदेशी स्थायिक झालेल्या, निवृत्तिवेतन व बचत असलेल्या मध्यमवर्गातून एकविसाव्या शतकात पुणे, कोईमतूर, चेन्नई, बंगळूरू इ. शहरांभोवती निवृत्त-वसाहती वाढल्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यात निर्धन ज्येष्ठांसाठी जिल्हावार वृद्धाश्रमांची तरतूद आहे. विकत घेतलेल्या घराचा प्रश्न तो हाताळीत नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याने बांधकाम व ताबा यांबाबत ग्राहकास संरक्षण दिले. २०१९ मध्ये केंद्र शासनाने निवृत्ति-गृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने उद्वाहक, उतरंड, दारांची रुंदी, स्नानगृहांची रचना इत्यादींविषयी किमान मानके घालून दिली.

निवडीचे निकष : वरील इतिहासावरून निवडीच्या वेळी पाहावयाच्या बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब हक्काची : घर मालकीचे आहे, भाडेपट्ट्याचे आहे की ठेवीच्या बदल्यात केवळ राहण्याची परवानगी आहे, हे करारात पाहावे लागते. मालकीच्या घराचा वारसा मुलांकडे गेला, तरी वयाच्या अटीमुळे त्यांना तेथे राहता येईलच असे नाही. दुसरी बाब शुल्काची : मासिक सेवाशुल्क कोण व कोणत्या प्रमाणात वाढवू शकतो आणि ती वाढ स्थिर निवृत्तिवेतनास झेपेल काय. तिसरी बाब सेवेच्या सातत्याची : विकासक निघून गेल्यावर भोजनगृह व परिचारिका यांची जबाबदारी रहिवाशांच्या सहकारी संस्थेवर येणार असेल, तर ऐंशी वर्षांच्या सभासदांनी ती कशी वाहावयाची, हा प्रश्न उरतो. चौथी व सर्वांत दुर्लक्षित बाब स्वावलंबन संपल्यानंतरची : स्मृतिभ्रंश झाल्यास किंवा जोडीदार निवर्तल्यास राहू दिले जाईल काय, आणि जावे लागल्यास किती रक्कम व किती मुदतीत परत मिळेल.

बाग, क्रीडागृह व सहवास या गोष्टी भेटीच्या वेळी दिसतात. वरील चारही बाबी मात्र करारातच असतात. घर सामान्यतः प्रकृती चांगली असताना निवडले जाते व त्याची कसोटी ती ढासळल्यावर लागते. पूर्वीच्या दानपत्राची जागा आता करारपत्राने घेतली असल्याने त्यातील शब्द नीट पाहण्याचे काम, पूर्वी जे दाता करीत असे, ते रहिवाशालाच आणि वेळीच करावे लागते.