चित्रकार, शिल्पकारांना फेलोशिप आणि सरकारी अनुदान कसं मिळतं? अर्ज भरण्याआधी हे वाचा

‘कलाकारांना सरकार देतंय महिन्याला १० हजार, आजच अर्ज करा’ अशी रील्स इन्स्टाग्रामवर अधूनमधून फिरत असतात. खाली ‘लिंक पाठवा’च्या कमेंट्सची रांग लागते. योजना खरी आहे. पण ३० सेकंदांच्या रीलमध्ये हे कुणी सांगत नाही की हे पैसे नुसतं चित्र काढत राहण्यासाठी मिळत नाहीत. ते एका ठरावीक प्रकल्पासाठी मिळतात, दोन वर्षांत चार हप्त्यांनी मिळतात आणि मध्ये अहवाल दिला नाही तर पुढचा हप्ता अडकतो.

दृश्यकलेसाठी, म्हणजे चित्र, शिल्प, मुद्राचित्र, सिरॅमिक्स, कलात्मक छायाचित्रण वगैरेंसाठी, आपल्याकडे सार्वजनिक पैसा आहे. तो थोडा आहे आणि वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेला आहे. शिष्यवृत्ती शिकण्यासाठी असते, फेलोशिप प्रकल्पासाठी, पुरस्कार झालेल्या कामासाठी आणि अनुदान बहुतेक वेळा संस्थेसाठी. ‘आर्टिस्ट ग्रँट’ असं सरसकट गुगल केलं की हे सगळं एकाच पानावर येतं आणि माणूस चुकीच्या कप्प्यात अर्ज टाकून मोकळा होतो.

केंद्र सरकार: आधी स्वतःचं वय बघा

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या ज्या तीन योजनांची सगळ्यात जास्त चर्चा होते, त्या वयानुसार लावलेल्या आहेत. तिन्हींचं काम दिल्लीतलं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी पाहतं.

१८ ते २५ वयासाठी ‘युवा कलाकार शिष्यवृत्ती’ आहे. महिन्याला ५ हजार रुपये, दोन वर्षं. ही पुढचं शिक्षण घेण्यासाठी आहे, त्यामुळे कोणत्या गुरूकडे किंवा संस्थेत शिकणार हे दाखवावं लागतं. आधीची पाच वर्षांची तालीमही अपेक्षित असते. निवडीसाठी मुलाखत होते आणि दृश्यकलेच्या उमेदवारांनी आपली मूळ कामं सोबत न्यायची असतात. मोबाइलमधले फोटो दाखवून भागत नाही.

२५ ते ४० वयासाठी ज्युनिअर फेलोशिप: महिन्याला १० हजार. चाळिशीच्या पुढे सीनिअर फेलोशिप: महिन्याला २० हजार. दोन्ही दोन वर्षांच्या. दोन्ही गटांत वर्षाला जास्तीत जास्त २०० जणांची निवड होऊ शकते. मात्र हा आकडा साहित्य, संगीत, नृत्य, नाटक, लोककला, दृश्यकला आणि संस्कृतीविषयक अभ्यास या सगळ्यांना मिळून आहे, आणि तोही संपूर्ण देशासाठी.

हिशोब करून बघा. ज्युनिअर फेलोशिप म्हणजे एकूण २ लाख ४० हजार, सहा-सहा महिन्यांनी ६० हजारांचा हप्ता. पुण्यात किंवा मुंबईत भाड्याचा स्टुडिओ घेऊन, कॅनव्हास आणि रंग आणून, वर प्रवास करून या पैशात दोन वर्षं निघणं अवघड आहे. म्हणून हिच्या भरवशावर नोकरी सोडू नका. नोकरी किंवा शिकवण्या सांभाळून एखादा प्रकल्प तडीस नेण्यासाठी मात्र ही रक्कम कामाची आहे. आणखी एक गोष्ट: फेलोशिपची बॅच ज्या वर्षाच्या नावाने ओळखली जाते, त्या वर्षातच निकाल लागेल असं नाही. अर्ज केल्यावर निकालासाठी बरीच वाट पाहावी लागू शकते, तेव्हा प्रकल्प असा निवडा की तो वर्षभराने शिळा होणार नाही.

वय कोणत्या तारखेला मोजलं जातं, शैक्षणिक अट काय आहे, हे त्या-त्या वेळच्या जाहिरातीतच पाहायचं. जी. डी. आर्ट डिप्लोमा असलेल्यांनी तर शैक्षणिक पात्रतेची ओळ दोनदा वाचावी.

प्रस्ताव: खरी परीक्षा इथे आहे

चांगलं काम करणारे अनेक कलाकार इथे मागे पडतात. कारण आपल्याकडच्या बहुतेक कला महाविद्यालयांत रंग कसे लावायचे हे पाच वर्षं शिकवतात, दोन पानी प्रस्ताव कसा लिहायचा हे क्वचितच कुणी शिकवतं.

समजा, कुणी लिहिलं, ‘मला महाराष्ट्राच्या भित्तिचित्र परंपरेवर काम करायचं आहे.’ हे वाचून निवड समितीला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिलं तर? ‘वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात पेशवेकालीन भित्तिचित्रं आहेत. पहिल्या सहा महिन्यांत मी तिथल्या आणि वाई परिसरातल्या इतर चित्रांची रेखाटनं आणि छायाचित्रं करेन. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतली रंगद्रव्यं आणि रेषा समजून घेत २० अभ्यासचित्रं करेन. दुसऱ्या वर्षी त्यावर आधारित स्वतःची १२ चित्रं आणि एक सचित्र टिपण तयार करेन.’ आता जागा दिसते, कालावधी दिसतो, हातात काय येणार ते दिसतं. शिवाय सहा महिन्यांचे टप्पे हप्त्यांशी जुळतात, म्हणजे पुढे अहवाल लिहिणंही सोपं जातं.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी, सावंतवाडीची गंजिफा, वारली, अशा विषयांवर प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी एका प्रश्नाचं उत्तर आधीच द्यावं: ज्यांची ही कला आहे त्या कुटुंबांचं या प्रकल्पात स्थान काय? ते फक्त ‘माहिती देणारे’ आहेत, की त्यांनाही मानधन आहे? समितीने विचारलं नाही तरी हे कागदावर असायला हवं, असं मला वाटतं.

कामांचे फोटो हा दुसरा घोळ. भिंतीवर टांगलेल्या चित्राचा तिरका, ट्यूबलाइटची चमक आलेला फोटो पाठवला तर चांगलं चित्रही वाया जातं. दिवसाच्या उजेडात, सावलीत, सरळ समोरून फोटो घ्या. प्रत्येक फोटोखाली शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष लिहा. २५ वेगवेगळ्या शैलींतली चित्रं पाठवण्यापेक्षा एकमेकांशी नातं असलेली १० पाठवलेली बरी.

जिथे अंदाजपत्रक मागतात, तिथे बरेच जण रंग, कॅनव्हास आणि प्रवास लिहून थांबतात. फ्रेमिंग, पॅकिंग, वाहतूक, छायाचित्रण, छपाई, स्टुडिओचं भाडं हे सगळं खर्चात धरा. नियमांत बसत असेल तर स्वतःचं मानधनही लिहा. ते लिहायला लाजायचं काही कारण नाही. मंडपवाल्याला, फ्रेमवाल्याला पैसे मिळणार आणि चित्रकाराला नाही, हा विनोद आपणच खूप वर्षं चालवला आहे.

ललित कला अकादमी आणि महाराष्ट्राचं कला संचालनालय

ललित कला अकादमी ही दृश्यकलेसाठीची राष्ट्रीय संस्था १९५४ साली सुरू झाली. तिचं राष्ट्रीय कला प्रदर्शन ही देशभरातल्या कलाकारांसाठी खुली स्पर्धा असते. त्यात निवड होणं, पुरस्कार मिळणं याचा उपयोग पुढच्या प्रत्येक अर्जात होतो. तरुण कलाकारांसाठी अकादमीची वर्षभराची शिष्यवृत्तीही आहे. दिल्लीतलं गढी, चेन्नई, कोलकाता, भुवनेश्वर, लखनौ इथे अकादमीचे स्टुडिओ आहेत. मुद्राचित्रण किंवा सिरॅमिक्स करणाऱ्यांना रोख रकमेइतकंच तिथल्या प्रेस आणि भट्टीचं मोल असतं, कारण ही यंत्रं घरी ठेवणं फार थोड्यांना परवडतं.

राज्यात मुख्य दार आहे कला संचालनालयाचं. संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन विद्यार्थी आणि व्यावसायिक कलाकार अशा दोन विभागांत होतं. रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला, मुद्राचित्रण यांसाठी आणि दिव्यांग कलाकारांसाठी वेगळे गट असतात, रोख पारितोषिकं असतात. प्रदर्शनाची घोषणा संचालनालयाच्या संकेतस्थळावर येते. तरी बऱ्याच जणांना ती कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेवटच्या आठवड्यात कळते. कॉलेज सोडून पाच वर्षं झालेल्यांना तर तेवढंही कळत नाही. ते संकेतस्थळ महिन्यातून एकदा उघडून पाहायची सवय लावा.

गोव्यातल्या कलाकारांसाठी कला अकादमीचं राज्य कला प्रदर्शन आणि कला व संस्कृती संचालनालयाच्या योजना आहेत. महाराष्ट्र हे नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचंही सदस्य राज्य आहे आणि उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र केंद्राचंही. या केंद्रांच्या चित्र-शिल्प शिबिरांवर लक्ष ठेवा.

प्रदर्शन भरवायचंय, सरकार पैसे देईल का?

एकट्या कलाकाराला? बहुतेक वेळा नाही. प्रदर्शनं, परिसंवाद, महोत्सव यांसाठी सांस्कृतिक मंत्रालयाची अनुदान योजना आहे, पण ती नोंदणीकृत संस्था, न्यास वगैरेंसाठी आहे. संस्था किमान तीन वर्षं काम करत असावी लागते आणि ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर तिची नोंदणी लागते. अनुदान साधारण ५ लाखांपर्यंत असतं. त्यामुळे चार मित्र एकत्र येऊन ‘कलेक्टिव्ह’ काढणार असाल तर इन्स्टाग्राम पेजसोबत संस्थेच्या नोंदणीचाही विचार करा. तीन वर्षांचे हिशोब आज सुरू केले तरच तीन वर्षांनी दाखवता येतात.

मूर्तिकार, कुंभार, पारंपरिक चित्रकार: तुमची रांग वेगळी

हा मुद्दा नेहमी राहून जातो. पेणमध्ये गणपती घडवणाऱ्याला ‘फेलोशिप’ शोधून फारसं काही सापडणार नाही, पण १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार, कुंभार, खेळणी बनवणारे आहेत. त्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकतं. कर्ज म्हणजे अनुदान नाही, ते फेडायचं असतं, हे लक्षात असू द्या. नोंदणी सामान्य सेवा केंद्रातून होते. वारलीसारख्या हस्तकलेत असणाऱ्यांनी केंद्राच्या हस्तशिल्प आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्र काढून घ्यावं. त्या विभागाच्या योजना आणि मेळाव्यांसाठी ते लागतं.

सरकारबाहेरचे पैसे

बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून संशोधन आणि कलानिर्मितीसाठी अनुदान देते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे इथे प्रस्ताव भारतीय भाषेत लिहिता येतो. मराठीत विचार करून, मोडक्या इंग्रजीत प्रस्ताव लिहून त्याची धार घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आधी दिलेल्या अनुदानांची वर्णनं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. त्यातली दहा वाचली की प्रस्ताव कसा असतो याचा अंदाज येतो, आणि तो वर सांगितलेल्या सरकारी अर्जांनाही उपयोगी पडतो.

दिल्लीतल्या खोज संस्थेची ‘पीअर्स’ रेसिडेन्सी नुकतंच शिक्षण संपलेल्यांसाठी आहे. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन, फिका, मुंबईचं प्रफुल्ला डहाणूकर आर्ट फाउंडेशन यांचेही तरुण कलाकारांसाठी पुरस्कार असतात.

परदेशातली दोन नावं. कॅनडातलं एलिझाबेथ ग्रीनशील्ड्स फाउंडेशन सुरुवातीच्या टप्प्यातल्या चित्रकार-शिल्पकारांना मदत करतं, पण काम वस्तुनिष्ठ, आकृतिप्रधान हवं. अमूर्त काम चालत नाही. जे. जे.च्या धाटणीत व्यक्तिचित्रण आणि निसर्गचित्रण घोटलेल्यांनी याकडे जरूर पाहावं. न्यूयॉर्कचं पोलॉक-क्रॅस्नर फाउंडेशन चित्रकार, शिल्पकार आणि मुद्राचित्रकारांना देतं, पण तिथे गरजेसोबत आधीची प्रदर्शनंही पाहतात. परदेशातून पैसे आले की ते कशासाठी आले हे बँक विचारते, म्हणून निवडीचं पत्र जपून ठेवा. फेलोशिप असो वा पुरस्कार, कर लागतो का हे सीएला विचारा. शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीला जी सूट आहे, ती प्रत्येक रकमेला लागू होत नाही.

फी मागितली म्हणजे फसवणूक का?

तसंच काही नाही. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या जुन्या संस्थाही वार्षिक प्रदर्शनासाठी प्रवेश शुल्क घेतात. संशय कधी घ्यायचा? तुम्ही अर्जच केला नाही आणि ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी तुमची निवड झाली आहे’ असा मेसेज येतो, तेव्हा. पुरस्कार घ्यायला हॉटेल, ट्रॉफी आणि कॅटलॉगमधल्या पानाचे पैसे तुम्हालाच भरायचे असतात, तेव्हा. परीक्षक कोण, मागच्या वर्षी कुणाला मिळाला, पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यात जाणार, हे तीन प्रश्न विचारा. सरळ उत्तर आलं नाही तर तेच पैसे फ्रेमिंगला वापरा.

घरात ज्येष्ठ कलाकार असतील तर

राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत २०२४ पासून महिन्याला ५ हजार रुपये मिळतात. साधारण अटी अशा: वय ५० पूर्ण, कलाक्षेत्रात किमान १५ वर्षं आणि वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत. केंद्राच्या योजनेत साठीनंतर महिन्याला ६ हजारांपर्यंत मदत मिळू शकते. तिथेही उत्पन्नाची मर्यादा आहे.

राज्याच्या योजनेचा लाभ घेणारे म्हटलं की कीर्तनकार, शाहीर, तमाशा कलावंत आठवतात. सिनेमाची पोस्टर्स, दुकानांच्या पाट्या आणि मंडळांचे देखावे रंगवण्यात हयात घालवलेले पेंटर काका अर्ज करायचं मनातही आणत नाहीत. त्यांना सगळ्यात मोठी अडचण पुराव्याची येते, कारण काम भिंतीवरून केव्हाच पुसलं गेलेलं असतं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर जुने फोटो, मंडळांच्या स्मरणिका, वर्तमानपत्रांची कात्रणं, प्रशस्तिपत्रकं, ज्यांच्यासाठी काम केलं त्यांची पत्रं असं सगळं एका फाइलमध्ये लावून द्या. स्कॅन करून ठेवा. मग गावात असाल तर पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा, सध्या अर्ज कुठे आणि कसा भरायचा ते तिथे कळेल. निवड जिल्हा पातळीवरची समिती करते.