एलियाच्या पुनरागमनाचे भविष्यवचन
एलियाच्या पुनरागमनाचे भविष्यवचन : हिब्रू बायबलमधील मलाखी या ग्रंथाच्या अखेरीस आलेले वचन. ईश्वरी न्यायाचा भयंकर दिवस उगवण्यापूर्वी एलिया हा प्रेषित पुन्हा पाठविला जाईल आणि तो पित्यांची मने पुत्रांकडे व पुत्रांची मने पित्यांकडे वळवील, असा त्याचा आशय आहे. हिब्रू संहितेत त्याचा क्रमांक ३:२३-२४ असून मराठी ख्रिस्ती आवृत्त्यांत तो ४:५-६ असा आढळतो. ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. पाचवे शतक मानला जातो. एलिया हा मात्र त्यापूर्वीचा, इ. स. पू. नवव्या शतकातील आहाब राजाचा समकालीन होय. तो मृत्यू न येता वावटळीतून स्वर्गात गेला, अशी कथा राजे या ग्रंथात आहे. त्याच्या परतण्याच्या कल्पनेचे मूळ या कथेत दिसते.

या वचनाचे दोन प्रमुख अर्थ रूढ झाले. ख्रिस्ती परंपरेत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आधारे बाप्तिस्मा करणारा योहान हाच तो एलिया ठरला व भविष्य पूर्ण झाले असे मानले गेले. ज्यू परंपरेत ते अद्याप पूर्ण व्हावयाचे आहे. म्हणून वल्हांडण सणात एलियासाठी द्राक्षरसाचा पेला भरतात व सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी आसन ठेवतात. सु. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नात एलियाच्या कार्याविषयी वाद नोंदविलेला आहे. बळाने समाजात घेतलेल्या कुळांना तो दूर करील व बळाने दूर केलेल्यांना जवळ घेईल, असे एक मत. तर तो कोणालाही दूर वा जवळ न करता जगात शांतता प्रस्थापित करील, असे ज्ञानी पंडितांचे मत. या दुसऱ्या मताला मलाखीच्या वचनाचाच आधार दिलेला आहे.

कोकणातील मराठीभाषक बेने-इझ्राएल समाजात एलियाला ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणतात. ‘हन्नाबी’ म्हणजे प्रेषित. अलिबागजवळील खंडाळा येथे तो अवतरला होता, अशी या समाजाची श्रद्धा असून तेथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात. नवस फेडताना, तसेच विवाहादी मंगलप्रसंगी पोहे, ओले खोबरे, गोड पदार्थ व फळे यांचा ‘मलिदा’ करून त्याचे स्मरण करतात. अशा रीतीने भावी काळाचा हा अग्रदूत येथे रोजच्या जीवनातील रक्षणकर्ताही झाला.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी या समाजात हिब्रूचे शिक्षण सुरू केले. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. भविष्यवचनांचा ख्रिस्ती अर्थ पटविणे हा मिशनऱ्यांचा हेतू होता. परंतु समाजातील बहुसंख्य लोकांनी धर्मांतर केले नाही. उलट, मूळ भाषा आत्मसात करून त्यांनी आपलीच परंपरा दृढ केली. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली.

मिश्नातील कुळांचा प्रश्न विसाव्या शतकात या समाजापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. १९४८ नंतर अनेक बेने-इझ्राएल इझ्राएल राष्ट्रात स्थायिक झाले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने इतर ज्यूंशी त्यांचे विवाह होताना पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश दिले. त्याविरुद्ध समाजाने आंदोलन केले. इझ्राएलच्या संसदेने ऑगस्ट १९६४ मध्ये त्यांच्या समान दर्जाची ग्वाही दिली व त्यानंतर निर्देशांतून समाजाचे नाव वगळण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. दूर केलेल्यांना जवळ कोणी व केव्हा घ्यावे, हा प्रश्न एलियाच्या आगमनावर सोपवून थांबणे या समाजाला परवडणारे नव्हते. तरीही एलियाहू हन्नाबीचे स्मरण व मलिद्याचा विधी भारतात व इझ्राएलमध्ये त्याने जपला आहे.